काकूंच्या देवांना निरोप

आमच्या भिक्षुकीत कुठलीच गोष्ट संपली, मोडली असं म्हणायचं नसतं. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. पूजा उरकली की विसर्जन, आणि पितर जेवले की तृप्त. अमरावतीत पंचवीस वर्षं हे शब्द मी तोंडात घोळवतोय आणि खरं सांगतो, निम्म्या वेळी माझं लक्ष पुढच्या यजमानाकडे असतं. शब्द म्हटला की काम झालं, स्कूटरला किक मारायची.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या काकूंनी बोलावलं. काका जाऊन तीन वर्षं झालेली, एकुलती एक लेक अकोल्याला दिलेली. घर विकून काकू तिच्याकडे राहायला निघाल्या होत्या. अडचण देवांची होती. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले पाच टाक, काकांच्या घराण्यातले. लेकीच्या देव्हाऱ्यात तिच्या सासरचे देव. तिथे माहेरचे टाक बसवायला तिची सासू तयार नव्हती. मी म्हटलं, "त्यात काय काकू, उत्तरपूजा करू आणि पूर्णेत विसर्जन करून टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे."

काकू माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "करून टाकू म्हणतोस? साठ वर्षं जेवू घातलं मी त्याइले."

मला राग आला. चूक माझीच होती, म्हणून जास्तच आला.

उत्तरपूजेच्या दिवशी घरभर खोकी बांधून ठेवलेली. गॅस तेवढा शेवटपर्यंत ठेवला होता, त्यावर काकूंनी पुरणाचा स्वयंपाक केला. नैवेद्य दाखवला, अक्षता वाहिल्या, टाक जागचे हलवून मी मंत्र म्हटला. काकूंनी त्याचा अर्थ विचारला. इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. आता आपल्या ठिकाणी जा आणि पुन्हा या, असा अर्थ आहे, मी सांगितलं.

"घर तर विकलं," काकू म्हणाल्या. "येतीन कुठं?"

टाक लाल कपड्यात बांधले आणि संध्याकाळी पूर्णेच्या धारेत सोडून आलो.

काकू अकोल्याला गेल्या आणि चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला. "दादा, आई जेवूनच नाही राहिली. चहा घेते, केळं खाते, पण ताटावर बसत नाही. डॉक्टर म्हणतात, काही झालं नाही."

दुपारच्या एसटीनं गेलो. काकू खाटेवर बसलेल्या, चेहरा पार उतरलेला. मी चिडूनच विचारलं, "काहून जेवत नाही काकू? पोरीच्या जिवाला घोर कशाला लावता?"

"देवाच्या आधी मी कधी घास घेतला नाही रे. आता कोणाच्या मागून जेवू?"

"इथेही देव आहेत की."

"ते तिच्या सासूचे. माझे कुठं जेवले?"

शास्त्रात याला उत्तर असेलही, मला आठवलं नाही. तोंडातून निघून गेलं, "माझ्या मागून जेवा. मी जेवलो की फोन करीन." बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. देवाच्या जागी बसायची माझी लायकी ती काय? पण काकूंनी तेवढ्यावर लेकीला पान वाढायला सांगितलं. एसटी स्टँडवर मी दोन पोळ्या खाऊन आलो होतो, ते त्यांना पुरलं.

तेव्हापासून रोज बाराच्या सुमारास फोन. "काकू, झालं माझं." मग भाजी कोणती होती ते सांगावं लागतं. एकादशीला भगर खाल्ल्याचं सांगतो. कित्येक महिने एक दिवस चुकला नाही.

परवा नांदगाव पेठेत वास्तुशांत होती. पंगत बाराला बसली. आग्रहानं चार पुरणपोळ्या झाल्या, पान खाल्लं, गप्पा झाल्या, घरी येऊन आडवा झालो. जाग आली तेव्हा चार वाजले होते. फोन लावला, पहिल्याच घंटीला काकूंनी उचलला.

"आज लई उशीर झाला तुले जेवायले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "इतका वेळ उपाशी होतास काय?"

मी "हो" म्हणालो.

"बरं, मंग बसते मी," काकू म्हणाल्या, आणि पलीकडे ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.