जीभ बाहेर काढा

ऐन तरुणपणी मला मरायची फार हौस होती. आता ऐंशी ओलांडली, तर साध्या तपासणीलाही नातवंडांना मला ओढत न्यावं लागतं.

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुलमंडीच्या मागं दोन खोल्यांत आम्ही राहायचो : हे, मी, आमची दोन वर्षांची लेक आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. तिथं असताना माझ्या गळ्याच्या मधोमध बोराएवढी गाठ आली. आत्याबाईंनी "गंडमाळ" म्हणून माझं ताट वेगळं केलं. गल्लीतल्या डॉक्टरनं सुई घालून चिकट पाणी काढलं, गाठ बसली. मी हरखून पुरण घातलं. काही महिन्यांनी ती परत आली, लिंबाएवढी होऊन.

"परत आली म्हंजे तीच," आत्याबाई म्हणाल्या. तीच म्हणजे कॅन्सर. नाव कुणी घेत नसे.

झालं, आमच्या बाईसाहेब मरायला बसल्या. आवंढा गिळला की गाठ वर सरकायची. ते आरशात बघून मी रडायची आणि रडताना कशी दिसते तेही बघून घ्यायची. लेक जवळ आली की मात्र नाटक संपायचं. हिला कोण बघणार? शेवटी एका दुपारी त्यागाची मूर्ती होऊन मी यांच्यासमोर उभी राहिले.

"अहो, माझ्यामागं माझ्या धाकटीलाच करून घ्या. पोरीला सावत्र आईपेक्षा मावशी बरी."

मला वाटलं, हे रागावतील. निदान डोळे तरी भरतील. हे अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"बघू," म्हणाले.

आठवड्यात माझी धाकटी बहीण हजर. सतरा वर्षांची. पोरीला सांभाळायला म्हणून आत्याबाईंनी बोलावली होती. पण तिच्या अंगावरचं कोरं पातळ बघून माहेरी काय निरोप गेला ते मला कळलं.

मग सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी गाठीवर बोटं ठेवली आणि म्हणाले, "जीभ बाहेर काढा."

परपुरुषासमोर, सासूशेजारी जीभ काढायची? मी पदर चावत बसले.

"काढ की गं! घरी तर आत जातच नाय," आत्याबाई डाफरल्या.

काढली. बोटांखालून गाठ टुणकन वर गेली. डॉक्टर हसले. "घाबरू नका. आईच्या पोटात असताना गळ्यात एक नळी असते, पुढं ती बुजते. तुमची थोडी राहून गेली, तिच्यात पाणी साठलंय. नुसतं पाणी काढलं तर पुन्हा भरणार. मुळासकट काढू, वरच्या हाडाचा तुकडाही घेऊ, आणि तपासायला पाठवू. पण कॅन्सर वाटत नाही."

"म्हंजे मरत नाय व्हय ही?" आत्याबाईंनी विचारलं. त्या आवाजात काय होतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

टाके घालून, तपासणीचा चांगला निकाल घेऊन मी घरी आले. पेढे वाटले. चहा टाकायला गेले तर साखरेचा डबा जागेवर नव्हता.

"वरच्या फळीवर ठेवलाय," हे बाहेरून म्हणाले. यांना डबे कधीपासून ठाऊक?

कोनाड्यात धाकटीची फणी होती. लेक पडली तर रडत माझ्यावरून पुढं गेली, मावशीच्या कमरेला बिलगली. मी बरी झाल्यानं त्या घरात एक माणूस जास्त झालं होतं, आणि ते कोण, हे कुणी बोलत नव्हतं.

चुलीपाशी धाकटीनं हळूच विचारलं, "ताई, आता मी काय करू गं?"

तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिनं मनाशी धरलंही होतं. मी गळ्याकडं बोट दाखवून 'बोलवत नाही' अशी खूण केली. वास्तविक सकाळीच मी दूधवाल्याशी भांडले होते.

वडील येऊन तिला घेऊन गेले. लांब कुठंतरी दिली. माझ्या दारी ती पुन्हा मुक्कामाला आली नाही. लेक कितीतरी दिवस दाराशी बसून "मावशी" करायची.

वर्षभरानं मी यांना विचारलं, "मी गेले असते, तर केली असती तिला?"

"आता काय त्याचं!" म्हणत हे कुशीवर वळले.

त्यांच्या पाठीला मी जीभ काढून दाखवली. गळ्यावरचा वण तेवढा ओढला गेला.