मिनिटाला एकाहत्तर फेरे

घड्याळजींनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं वेळेवर आणली आणि मग दुकान पुतण्याच्या हवाली करून ते लाखेच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांच्या नादी लागले. त्यातही फक्त व्हायोलिनच्या, मायक्रोफोन येण्याआधीच्या. तेव्हा वादक मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून वाजवायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ कोरायची. कपडे वाळत घालायची खोली त्यांनी बळकावली होती. "कपडे ओले राहिले तरी चालतात, तबकड्यांना दमट नको," असं त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची, आणि हसावं की नाही हे पाहुण्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही.

नादाचं मूळ मात्र तिच्याच माहेरी होतं. तिचे आजोबा, म्हणजे तिच्या आत्याबाईंचे वडील, व्हायोलिन वाजवायचे. त्यांची एकच तबकडी निघाली. आत्याबाई सहा वर्षांच्या असताना खुर्चीवर ठेवलेल्या त्या तबकडीवर बसल्या आणि तिचे दोन तुकडे झाले. वडिलांनी तिला उचलून जवळ घेतलं. वर्षभरात ते गेले. भावंडांनी मात्र तिला कायमचं नाव दिलं, 'बाबांवर बसलेली'. धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात होता, पण सगळ्यांत जास्त चिडवायचा तोच. ऐंशी वर्षं त्यांनी ते हसण्यावारी नेलं. एकदाच भाचेजावयाला, म्हणजे घड्याळजींना, हळूच म्हणाल्या, की कान पुरते जायच्या आत बाबा एकदा ऐकायला मिळाले तर बरं. डावा कान तोवर गेलाच होता.

घड्याळजी अकरा वर्षं शोधत होते. शेवटी त्या तबकडीची दुसरी प्रत एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत सापडली, फुलदाणीखाली. त्यांनी ती कोमट साबणपाण्यानं, मऊ ब्रशनं धुतली. सात सुया लावून पाहिल्या आणि सगळ्यांत जाड निवडली, कारण रेघेचा तळ झिजला होता, भिंती शाबूत होत्या. फेरे मोजून मिनिटाला बरोबर अठ्ठ्याहत्तर ठेवले, अशा तबकड्यांचा ठरलेला वेग तो, आवाज संगणकावर उतरवला आणि आत्याबाईंना बोलावलं.

त्यांनी उजवा कान पुढे करून सगळं ऐकलं.

"जावईबापू, वाजवलंय छान. पण हे बाबा नव्हेत. बाबांना कधी घाई नसायची."

तबकडीवर नाव तेच होतं. त्या गेल्यावर घरातले म्हणाले, वय झालं, आठवत नसेल. घड्याळजींनी तीन दिवस तबकडी पुन्हा पुन्हा लावून ऐकली. चौथ्या दिवशी चहा घेताना त्यांनी कपाळावर हात मारला. डायलवर काय दिसतं ते सोडा, आत काय चाललंय ते बघा, असं जन्मभर गिऱ्हाइकांना सांगणारा माणूस एका आकड्यावर विसंबला होता. अठ्ठ्याहत्तर हा आकडा पक्का झाला तो नंतर. त्या काळी ध्वनिमुद्रणाचं यंत्र खाली उतरणाऱ्या वजनावर फिरायचं, कधी जलद, कधी सावकाश.

ते तसेच आत्याबाईंकडे गेले. बाबांचं काही उरलंय का, विचारलं. शिवणाच्या डब्यातून त्यांनी पोलादाचा दोन पायांचा काटा काढला. वडील तो आपटून त्याच्या सुरावर व्हायोलिनची तार जुळवायचे. आत्याबाई त्यावर उरलेला दोरा गुंडाळायच्या.

"एवढंच आहे. चालेल?"

चालण्यासारखंच होतं. वादनाच्या शेवटी एक लांब सूर होता, जराही न थरथरणारा. म्हणजे तारेवर बोट नव्हतं, तार मोकळी होती. घरी येऊन घड्याळजींनी दोरा सोडला, काटा गुडघ्यावर आपटून टेबलावर टेकवला आणि तबकडीचे फेरे कमी करत गेले. शहात्तर, चौऱ्याहत्तर. काट्याचा सूर आणि तारेचा सूर एकमेकांशी भांडत होते. एकाहत्तरला भांडण मिटलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई पुन्हा घड्याळजींच्या खोलीत येऊन खुर्चीत बसल्या. पहिल्या चार सुरांतच त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि शेवटचा लांब सूर विरेपर्यंत तो काढला नाही.

"आता आले," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून भाचीला सांगितलं, धाकट्याला फोन लाव.

धाकटा भाऊ तासाभरात काठी टेकत आला. तबकडी यंत्रावर होती, शेजारची खुर्ची रिकामी होती. तो बसायला वळला तशी आत्याबाईंनी हात वर केला.

"थांब. आधी खाली बघ. मग बस."