किल्ल्याच्या वाटेवरचा उजेड

रतनबाईंचं निम्मं आयुष्य पाणी वाहण्यात गेलं. स्वयंपाकाचं न् धुण्याचं पाणी गल्लीतल्या सगळ्याच बायका आणत. रतनबाईंना वर काचा धुवायलाही पाणी लागे. त्यांचे यजमान आप्पाराव मोमिनाबादेत फोटो काढत. निजाम सरकारच्या फौजेची छावणी गावात होती, म्हणून तो धंदा तिथं कसाबसा चाले. शिपाई घरी धाडायला फोटो काढून घेत. एखादे देशमुख पागोटं सावरून खुर्चीत बसत. फोटो आधी काचेवर उठायचा, आणि ती काच पुष्कळ पाण्यातून काढली नाही तर पुढं डाग धरायची. उन्हाळ्यात जवळचा आड आटला की रतनबाई दूरच्या बारवेवर जात. आल्यावर पाय पसरून बसायलाही वेळ नसे.

आप्पारावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय हे काचा धुणारीलाच आधी कळलं. चेहरे पुसट यायला लागले. आप्पाराव म्हणायचे, "गिऱ्हाईक हाललं." मग एकदा एका सावकाराच्या नव्या माडीचा फोटो तसाच पुसट आला.

"आन भित कशी हालली?" रतनबाईंनी विचारलं.

आप्पाराव हात पुसून बाहेर गेले आणि ओट्यावर बसून राहिले.

त्याच वर्षी हिवाळ्यात जिल्ह्याच्या तालुकदार साहेबांचा निरोप आला. जिल्ह्यातले डोंगर, शिवारं, धारूरचा किल्ला यांचे फोटो हैदराबादेला पाठवायचे होते. आप्पारावांनी होकार देऊन टाकला. माणसांचे फोटो ते पोटासाठी काढत. मोकळ्या रानाचा फोटो काढायची त्यांना मनापासून हौस होती. अशी संधी आजवर आली नव्हती, आणि आली तेव्हा डोळे चालले होते.

"दिसत न्हाई तर हो कावून म्हणलात?" रतनबाई म्हणाल्या.

"तू बघशील. मी सांगतो तसं."

रतनबाईंनी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात जोर लागतो. भाकरी बांधून घेतल्या, आणि आश्रुबा गाडीवानाच्या बैलगाडीत तिपाई, कॅमेऱ्याची पेटी न् काचा गवतात नीट ठेवून दोघं निघाले.

धारूरला पोचल्यावर धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी किल्ल्यासमोर गेले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आप्पारावांनी चाचपत तिपाई उभी केली. रतनबाईंनी पहिल्यांदाच कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात डोकं घातलं. मागच्या धुरकट काचेवर किल्ला उलटा लोंबकळत होता, खाली आभाळ, वर माती. त्यांना गरगरलं.

"काय दिसतंय?"

"किल्ला हाय. उलटा."

"सावल्या कुठं हायत?"

"न्हाईतच."

"मग आत्ता काढून उपेग न्हाई. डोंगराला उजेड कुशीवरनं यावा. डोक्यावरनं आला की सगळं भाकरीसारखं सपाट."

तरी रिकाम्या हाती नको म्हणून दोन-चार काचा त्यांनी त्या उन्हातच काढल्या, किल्ला मधोमध घेऊन. मग दिवस कलायची वाट बघत बसले. रतनबाईंना तिथंच झोप येत होती, पण आप्पारावांचं विचारणं थांबेना. तटाचा रंग बदलला का? पश्चिमेला ढग किती? किल्ल्याच्या पुढं काय हाय?

"पुढं काय असायचंय? धोंडे हायत."

"नुसते धोंडे? आगं, बघणाऱ्याची नजर आत शिरंल कुठनं? कायतरी वाट पायजे."

रतनबाई उठल्या. आजूबाजूला हिंडल्या. उतारावर एक पायवाट होती. ज्वारीच्या कडेनं वळत ती किल्ल्याकडं चढत होती. त्यांनी आश्रुबाला हाक मारून कॅमेरा खाली आणवला. आता काचेवर वाट एका कोपऱ्यातून निघून वळण घेत गेलेली दिसली. किल्ला लहान झाला, बाजूला सरला. त्यांनी ते सांगितलं. आप्पारावांनी हातानं तिपाई चाचपून बघितली. मग म्हणाले, "आभाळ कमी घे. घाल काच."

एकदा फोटोची काच पेटीत सरकवली की मागून काही दिसत नाही. मग डोळ्यांनीच उजेड जोखायचा आणि भिंगावरचं टोपण काढायचं. पण ढग आले होते. सगळं शिवार राखेसारखं झालं. वारा गार पडला. रतनबाईंच्या कंबरेत कळ येत होती, आणि धर्मशाळेत जाऊन चूल पेटवायची अजून राहिलीच होती.

मग सूर्य ढगाखालून बाहेर पडला. आडवा उजेड आला. ज्वारीचं ताट न् ताट वेगळं झालं, वाटेवरच्या दगडांना लांब सावल्या फुटल्या, तटाच्या भेगा उठून दिसायला लागल्या. वाटेनं एक बाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन चढत होती.

"ऊन आलं," रतनबाई म्हणाल्या.

"सावली तटापर्यंत आली का?"

"न्हाई आजून."

"थांब मग. वाटंवर कोन हाय का?"

"बाई हाय एक."

"तिला जाऊ दे. हालत्या मानसाचा डाग पडतो. ढग किती वर हाय?"

दिवसभर उत्तरं देऊन रतनबाईंचा जीव आंबून गेला होता. त्यांनी टोपण काढलं, मनातल्या मनात मोजलं, परत बसवलं.

आप्पारावांना तो आवाज ओळखीचा होता. "काढलास?"

"काढला."

थोड्या वेळात ऊन गेलं ते गेलंच. परतीच्या वाटेवर आप्पाराव बोलले नाहीत. रतनबाईंना त्याचं वाईटही वाटलं नाही; तेवढंच गप बसायला मिळालं.

घरी आल्यावर रतनबाईंनीच काचा धुतल्या, कागदावर छाप काढले आणि साहेबांकडं पोचवले. साहेबांना दुपारचेच आवडले. त्यांत किल्ला मोठा होता. संध्याकाळचा फोटो कारकुनानं परत आणून दिला. "किल्ला कोपऱ्यात गेला, असं साहेब म्हणतात," तो म्हणाला.

तो गेल्यावर आप्पारावांनी विचारलं, "त्यात काय आलंय, सांग."

रतनबाई दळण निवडत होत्या. हातातलं सूप खाली ठेवून त्यांनी फोटो उजेडाला धरला. "वाट आलीया. तिच्या कडंनं उजेड पडलाय, आन ज्वारीवर. किल्ला दूर हाय, पर दगड वेगळे वेगळे दिसत्यात. त्या बाईचे पाय पुसलेत. भारा तेवढा नीट हाय."

"चालत्या बाईचे पाय पुसायचेच." आप्पाराव म्हणाले. "टोपणाशी मी असतो तर सावलीसाठी थांबलो असतो. ऊन गेलं असतं."

त्यानंतर त्यांनी शिकवायचं सोडलं नाही, पण टोपण कधी काढायचं ते रतनबाईंवर सोपवलं.

पुढं आप्पारावांची दृष्टी पार गेली आणि धंदा रतनबाईंच्या अंगावर पडला. फोटो काढणारी बाई आहे म्हटल्यावर गोषातल्या बायका पडदे लावलेल्या बैलांच्या दमणीतून यायला लागल्या. काम वाढलं. काचा वाढल्या, तसं पाणीही वाढलं. तरी हिवाळा आला की आप्पाराव रानात जायचं नाव काढत, आणि कुरकुरत का होईना, रतनबाई गाडी सांगत. कधी घाटाखालचं तळं, कधी तेलगावकडची कपाशी. ते फोटो कुणी विकत घेतले नाहीत.

आप्पारावांच्या शेवटच्या हिवाळ्यात दोघं असेच गेले होते. दिवसभर आभाळ भरलेलं. रतनबाई तिपाईशेजारी धोंड्यावर बसून राहिल्या. उजेड आलाच नाही.

"जायचं का?" आप्पारावांनी विचारलं.

"चला."

काच तशीच कोरी परत घेऊन ते गाडीत बसले. घाट चढेपर्यंत रतनबाईंना झोप लागली होती. आप्पारावांनी आश्रुबाला बैल सावकाश हाकायला सांगितले.