काकवीचं बोट

गुऱ्हाळाचा वास आला की मला पुणतांब्याच्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. आमच्या मांजरीला मधुमेह होता. सासूबाई तिला आधी पोटभर खाऊ घालायच्या आणि मगच मानेच्या कातडीत इन्सुलिन टोचायच्या. त्या दिवशी सुई टोचून झाली आणि थोड्या वेळाने तिने खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. मग तिचे पाय लटपटले आणि ती ओट्याखाली आडवीच झाली. "शुगर वाढली असंल, अजून थोडं इंजेक्शन देऊ का?" सासरे घाबरून म्हणाले. "वाढली न्हाई, उतरलीया. औषध अंगात हाय अन् पोट रिकामं. तुमी डॉक्टरला फोन लावा," सासूबाई म्हणाल्या. एरवी तिच्यापासून गोडाचा कणसुद्धा लपवणाऱ्या सासूबाईंनी काकवीच्या बरणीत बोट बुडवलं आणि मांजरीला मांडीवर घेऊन त्या ते बोट तिच्या हिरड्यांवर चोळत राहिल्या. डॉक्टर फोनवर तेच करायला सांगत होते, तेवढ्यात मांजरी कचकन चावली. रक्त आलेल्या बोटाकडे बघत त्या म्हणाल्या, "चावली. म्हंजी आली ताळ्यावर." परवा एका पाहुणीने आम्हाला आपली नवी अंगठी दाखवली, तेव्हा सासूबाईंनी दातांचे वण असलेलं ते बोट पुढे केलं.