हरिश्चंद्राचं मॉन्ट्रियल

किनाऱ्यावरच्या मिऱ्या गावचा हरिश्चंद्र भाटकर बोटीवर खलाशी होता. अर्धं जग फिरला, पण सगळं धक्क्यापुरतं. माल उतरेपर्यंत बंदराच्या आसपास हिंडायचं आणि पुन्हा बोटीवर चढायचं. १९८३च्या हिवाळ्यात मात्र कॅनडातल्या मॉन्ट्रियलला लोखंडी दोर तुटून त्याच्या पायावर बसला आणि हाड मोडलं. बोटीच्या कंपनीच्या एजंटाने त्याला इस्पितळात नेऊन टाकलं. बोट निघून गेली.

शेजारच्या खाटेवर गास्तों नावाचा म्हातारा होता, गोदीतला जुना हमाल. त्याला फ्रेंचखेरीज काही येत नव्हतं, आणि हरिश्चंद्राचं इंग्रजी बोटीपुरतं. नर्स दोन्ही भाषा बोलायची, एका खाटेशी एक, दुसरीशी दुसरी.

"इथं निम्मं गाव असंच आहे," ती म्हणाली. "दुकानात शिरलात की आधी 'बोंजूर' म्हणायचं. मग इंग्रजी बोललात तरी चालतं."

म्हातारा आधी बरा होऊन घरी गेला, तरी रोज दुपारी भेटायला यायचाच. हरिश्चंद्र कुबड्यांवर चालायला लागल्यावर एक दिवस म्हातारा त्याला बाहेर घेऊन गेला. जमिनीखालून रबरी चाकांची रेल्वे पळत होती. वर रस्त्यावर पाट्या फ्रेंच, आणि पाटीखाली दोन माणसं दोन भाषांत भांडत होती. बसने ते गावाबाहेरची वाटावी अशा टेकडीवर गेले, तर टेकडी भर शहरातच. खाली बर्फाची छपरं, पलीकडे रुंद नदी.

"समुद्र कुठाय?" हरिश्चंद्राने हाताने विचारलं. गास्तोंने नदीच्या उताराकडे हात केला आणि लांब, लांब असा हलवत नेला.

मग हरिश्चंद्र सरळ मराठीत बोलायला लागला. मिऱ्या, आई, किनाऱ्यावरून ओढायचं रापणीचं जाळं, सगळं. म्हातारा मान डोलवत ऐकत राहिला. नंतर तोही बराच वेळ आपल्या फ्रेंचमध्ये बोलला.

पुढल्याच आठवड्यात एजंट सकाळी तिकीट घेऊन आला.

"दुपारपर्यंत थांबता येईल?"

"विमान थांबत नाही."

हरिश्चंद्राने गास्तोंसाठी नर्सकडे निरोप ठेवला. तो निरोप पोचला की नाही, हरिश्चंद्राला कधी कळलं नाही.

घरी आल्यावर बायको मथुराने विचारलं, "येवढा म्होटा शहर, काय बगितलात?"

"एक मानूस," तो म्हणाला. "त्याचा एक शब्द मला कळला नाय."

"मग बसायचात कशाला त्याच्यापाशी?"



पाय जरा आखूडच राहिला. डॉक्टरने बोटीसाठी नापास केलं. मग गावाजवळच्या मिरजोळ्याच्या एका कारखान्यात तो रखवालदार लागला. समुद्रावर परत गेला नाही.