जोडीनं आणलेले मासे

दिवाळी सरली की रतनबाईच्या तळपायांना ते आधी कळायचं. हातात काम असलं तरी पाय आपोआप उंबऱ्याकडे वळायचे. यंदाही वळले, पण यंदा उंबऱ्याबाहेर अंबाजोगाईतल्या एका गल्लीचा सिमेंटचा रस्ता होता. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर. मागं ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, शेळ्या, लेकरं. ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली की रतनबाई पीठभरल्या हातानं टोकापर्यंत जायची, ट्रॉलीत कुणी ओळखीचं दिसतं का बघायची आणि कुणी नसलं तरी हात हलवून परत यायची.

घाटनांदूरजवळच्या वस्तीवर ती सून म्हणून आली, त्याच वर्षी नवऱ्यामागं, बंकटमागं, टोळीत निघाली. तेव्हापासून एकही हिवाळा तिनं घरच्या छपराखाली काढला नव्हता. टोळीत माणसं एकेकटी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. गड्यानं तोडायचं, बाईनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहायच्या. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी आनंदानं घेत नाही. बंकट गेला तेव्हा भावकी म्हणाली, रतन विधवा झाली. मुकादम म्हणाला, अर्धी राहिली. तिला मुकादमाचं बोलणं जास्त पटलं होतं.

गेल्या हंगामात ती तशी अर्धीच गेली. टोळीचा स्वयंपाक केला, लेकरं सांभाळली. परत आली ती मान आखडून. मग मुलानं, प्रविणनं, तिला उचलून शहरात आणलं. प्रविण घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवायचा, सून मनिषा एका दवाखान्यात नर्स. दोघं सकाळी बाहेर पडली की दोन खोल्यांत रतनबाई एकटी. स्वयंपाक गॅसवर चुटकीसरशी व्हायचा. मग ती बोरच्या पाण्यानं भांड्यांवर चढलेले पांढरे थर खरवडायची. ते संपले की मांडणीवरचे डबे इकडचे तिकडे करायची. एकदा मनिषाला मीठ सापडेना. ती सासूला काही बोलली नाही, पण संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, आत्यांना काहीतरी काम द्या, नाहीतर उद्या गॅस कुठं आहे ते विचारत फिरावं लागंल.

प्रविणच्या एका गिऱ्हाइकानं घर बदलताना माशांची काचेची मोठी टाकी काढून टाकली होती. ती त्यानं आणली, स्टँडवर बसवली, पंप लावला, महिनाभर तसंच पाणी फिरत ठेवलं आणि मग आईला घेऊन रंगीत मासे विकणाऱ्या हैदरच्या दुकानात गेला. मासे तुझ्या मनासारखे घे म्हणाला.

हैदरनं आधी माशांचं नाव काढलंच नाही. पाणी कुठलं, हे विचारलं. बोरचं आहे, भांडी पांढरी पडतात, म्हटल्यावर तो खुश झाला. मग सिक्लिड घ्या म्हणाला, आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यातले. जड पाण्याचेच ते, आपलं बोरचं पाणी त्यांना मानवतं. प्रविणला हसू आलं. दिवसभर तो लोकांच्या पाण्यातला क्षार काढायचा, आणि ह्या पाहुण्यांना नेमका तोच हवा होता.

रतनबाईला तीन रंग आवडले. हळदीसारखा पिवळा, निळीसारखा निळा आणि झेंडूसारखा नारंगी. तिनं तिन्हींची एकेक जोडी मागितली. हैदर घुटमळला. ह्यांची जोडी लावत नसतात, एका नराला तीन-चार माद्या लागतात, आणि निळा नि नारंगी तर एका घरात नकोच, असं तो सांगायला लागला. रतनबाईनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही.

"एका गड्याला चार बायका? आन् तू मला सांगतो व्हय रे, हैदर? जोडीनं दे. न्हाईतर ऱ्हाऊ दे."

दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक हसलं. हैदरही हसला, कानाला हात लावला आणि जाळी पाण्यात घातली. नर कसा ओळखायचा तेवढं मात्र त्यानं दाखवलं: पोटामागच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके. सहा मासे तीन पिशव्यांतून घरी आले. जोडी फुटू नये म्हणून एकेका पिशवीत दोघं.

पहिले काही दिवस रतनबाई रस्त्यावर गेलीच नाही. काचेसमोर पाट टाकून बसायची. निळ्यानं कोपऱ्यातल्या दगडाखालची वाळू तोंडानं उपसून आपली जागा केली, ते बघून तिला कौतुक वाटलं. आपणही उसाच्या फडात पोचलो की आधी झोपडीची, कोपीची जागाच साफ करायचो की. मग निळा आपल्या मादीच्या मागं लागला. ती पुढं, हा मागं. ती दगडाआड गेली की तिथं, पंपाच्या नळीमागं गेली की तिथं. नवीन संसार आहे, होईल नीट, असं रतनबाई म्हणाली. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी मादीची शेपटी फाटलेली दिसली. खायला टाकलं की बाकीचे वर यायचे. ती वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला तोंड लावून उभी असायची आणि घासासाठी सुद्धा हलायची नाही.

रतनबाईचं जेवणावरचं मन उडालं. ती काचेवर बोटं वाजवायची, निळ्याला मेल्या म्हणायची. तो क्षणभर थांबायचा, आणि तिनं हात काढला की पुन्हा सुरू. नारंगी जोडीचंही तेच. एका दुपारी नारंगी मादी दगडाच्या फटीत उलटी अडकलेली सापडली. रतनबाईनं तिला तळहातावर घेतलं. अंगावरचे खवले जागोजागी गेलेले होते.

त्याच संध्याकाळी मुकादम आला.

उत्तरेश्वर मुकादम गावचाच, बंकटच्या वयाचा. चहा पिता पिता त्यानं टाकीकडं बघितलं, चांगली शोभा केली म्हणाला. मग कामाचं काढलं. रतनबाईचा चुलत दीर भागवत ह्या वर्षी अडकला होता. बायकोची कंबर गेली, ती अंथरुणाला खिळली, आणि भागवतला अर्ध्यावर कुणी घेईना. रतनबाईनं त्याच्याबरोबर नाव लावलं तर दोन अर्ध्यांचा एक पुरा कोयता होणार होता. घरातलाच माणूस, नाव ठेवायला कुणाला जागा नाही. सोमवारी ट्रॅक्टर ह्याच रस्त्यानं जाणार होता.

हीच हाक ती दिवाळीपासून ऐकायला बसली होती. तरी तिच्या तोंडून लगेच हो आलं नाही. सोमवारी सांगते म्हणाली. प्रविण घरी आल्यावर तिनं त्याला मुकादम आल्याचं सांगितलं, काय बोलला ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आपली जुनी चादर मात्र उन्हात टाकली, आणि कोयता पेटीतून काढून तेल लावून ठेवला. मनिषानं ते पाहिलं आणि नवऱ्याला खूण केली. दोघंही गप्प राहिली. रतनबाईला त्यांचं गप्प राहणं टोचलं. भांडली असती तर भांडायला तरी मिळालं असतं.

रात्र तिनं कूस बदलत काढली. भागवत काही वाईट माणूस नव्हता. पण फडात प्रत्येक कोयत्याची उसाची आपली आपली पात असते, आणि दुसऱ्याच्या पातीत कुणी डोकावत नाही. भागवतच्या पातीतून दिवसभर आवाज यायचा. उरक की, मागं ऱ्हायली, हात चालव. त्याची बायको कधी उलट बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिची कंबर अशीच एका हंगामात गेली नव्हती. शेजारच्या पातीत मोळ्या बांधणाऱ्या रतनबाईनं ते सगळं ऐकलं होतं. ऐकून ती आपल्या मोळ्या बांधत राहिली होती.

सोमवारी सकाळी दोघं कामाला गेल्यावर ती नारंगी नराला पाण्याच्या डब्यात घालून पायी हैदरच्या दुकानात गेली. मेलेल्या मादीचं सांगितलं. निळीचं सांगितलं. हैदर रागावला नाही.

"मावशी, तो काई खुनी न्हाई," तो म्हणाला. "त्याला मागं लागायला एकच हाय. चार असल्या की त्याचं धावणं चौघींत वाटून जातं, कोणी एक मरत न्हाई. तुमी त्याला एकच दिली."

रतनबाईनं डबा त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "मीच दिली."

हैदरनं नारंगी नर परत घेतला. निळ्याच्या तीन नव्या माद्या आणि पिवळ्यासाठी दोन दिल्या. पिवळे स्वभावानं गरीब, त्यांची काळजी नाही म्हणाला. जखमी मादीला जाळीच्या टोपलीत टाकीतच वेगळं टांगा, शेपटी भरली की सोडा. आणि एक गोष्ट अगदी बजावून सांगितली. नव्या माद्या सोडायच्या आधी टाकीतले सगळे दगड काढायचे आणि नव्यानं रचायचे. निळ्याचा जुना कोपरा राहिला, तर तो मालक आणि बाकीचे सगळे परके. कोपराच राहिला नाही, तर सगळे सारखेच नवे.

हे तिला सांगावं लागलंच नसतं. दोन घरांची जुंपली की मुकादम कोप्या उठवून दुसरीकडं मांडायला लावायचा, तेव्हा त्याला शिव्या देत खांब उपटणाऱ्यांत तीही असायची.

घरी आल्या आल्या तिनं बाह्या वर खोचल्या आणि हात कोपरापर्यंत टाकीत घातले. जखमी मादी टोपलीत गेली. दगड एकेक करून परातीत आले. पाणी गढूळ झालं. मग तिनं दगड नव्यानं रचले, एकावर एक, मध्ये फटी ठेवून, प्रत्येक फटीला दोन तोंडं, म्हणजे एकीकडून शिरलेल्याला दुसरीकडून निघता यावं. पाच नव्या माद्या पाण्यात सोडल्या. पाणी निवळायची वाट बघत ती उभी असतानाच मोठ्या रस्त्यावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. एकदा. मग पुन्हा.

तिचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. का बांधलं होतं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. ओल्या हातानंच तिनं ते उचललं आणि टोकापर्यंत गेली.

ट्रॉली भरली होती. उत्तरेश्वर खाली उतरून उभा होता. ओळखीच्या बायकांनी वरून हाका मारल्या, आली बघा रतन, सरका गं जरा. भागवत फळीला टेकून बसला होता. शेजारी त्यानं एका माणसापुरती जागा राखून तिच्यावर आपला टॉवेल पसरला होता. तिला बघून त्यानं टॉवेल उचलला आणि हातानं जागा झटकली.

रतनबाई त्या झटकलेल्या जागेकडं बघत राहिली. तिच्या पायांनी एक पाऊल पुढं टाकलंच. मग ती थांबली.

"उत्तरेश्वर, मला जोडीत धरू नकु. अर्धी न्हेतो का?"

"आता अर्ध्याचं काम न्हाई ओ वैनी," तो म्हणाला. "अन् ह्याचं काय करू मी?"

तिनं भागवतकडं बघितलं. घरी बाई पडून हाय, तिच्याजवळ कोण हाय, एवढंच तिनं विचारलं. भागवतनं टॉवेल खांद्यावर टाकला. उतरला मात्र नाही. उत्तरेश्वर घड्याळ बघून ट्रॅक्टरवर चढला. बायकांनी हात हलवले. रतनबाईच्या हातात गाठोडं होतं, म्हणून तिला हलवता आला नाही.

घरी आली तेव्हा टाकीतलं पाणी निवळलं होतं. टोपलीतली मादी परानं जरा जरा हलत होती. नव्या माद्या इकडून तिकडं पळत होत्या. निळा एकीच्या मागं लागायचा, मध्येच दुसरी आडवी जायची, की तो तिच्यामागं, आणि पहिली फटीतून पलीकडून निसटायची. मग सगळं सोडून तो एकटाच काचेच्या कडेनं फिरायला लागला. जिथं त्याचा कोपरा होता तिथं आला, वाळू हुंगल्यासारखी केली, पुढं गेला, परत आला.

रतनबाई पाटावर बसली. उठली. गाठोडं सोडलं, चादर घडी करून ठेवली, पुन्हा येऊन बसली. लांब कुठंतरी दुसरा ट्रॅक्टर धडधडत होता. तिचे पाय दाराकडं वळले, तसे तिनं ते मांडी घालून अंगाखाली घेतले.

निळा अजून फिरतच होता.