काकूची दोन बोटं

विजयाकाकूशी खोटं बोलून आजवर कुणी सुटलेलं नाही, असं ती स्वतःच सांगते. मी तिच्या केडगावच्या घरी राहून नगरला कॉलेज करते, त्यामुळे या गोष्टीचा मला चांगलाच अनुभव आहे. कप फुटला तरी ती ओरडत नाही. "मनवा, हात पुढे कर," एवढंच म्हणते. मग माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, आज भाजी कुठली होती, कॉलेजला किती वाजता जायचंय असले साधे प्रश्न विचारायचे, आणि मधेच शांतपणे, कप कुणी फोडला? कप मांजरानं फोडलेला असला तरी माझी नाडी पळायला लागते, कारण बोटं काकूची असतात. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, निर्दोष माणसाला कसली आलीय भीती.

ही विद्या तिनं मिरजगावच्या शाळेत कमावली. तिथं ती मास्तरीण होती, आणि कुणाचा डबा गायब झाला की सगळ्या वर्गाची मनगटं तपासायची. बहुतेक वेळा चोर सापडायचा. गावात बोलबाला झाला. शाळेत खिचडी शिजवणारी भीमाबाई एकदा पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "बाई, आमच्या मालकांची बी नाडी बघा की येकदा. रातचं कुटं जात्यात, सांगत न्हाईत." काकू हा किस्सा अजून रंगवून सांगते. ज्यांना तिनं उगीच पकडलं असेल त्यांचे किस्से तिच्याकडे नाहीत.

अशा बाईचा नवरा कसा असेल? आमचे शामकांतकाका कोर्टात नाझर होते. मऊ स्वभावाचे आणि कमी बोलणारे. त्यांना व्यसन एकच होतं, मावा. आमच्या नगरकडे चौकाचौकात टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पुड्या बांधतात, आणि भलेभले सोवळे लोक ती पुडी गालात धरून दिवस काढतात. काकांचं तोंड नीट उघडेनासं झालं तेव्हा डॉक्टरांनी दम भरला. काकूनं त्यांना देवघरासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. तेव्हापासून काकांनी मावा सोडला होता. निदान आम्ही तसं समजत होतो.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी काकूचा संशय जागा झाला.

काका सकाळी फिरायला जायचे ते हल्ली उशिरा यायला लागले. आले की चेहरा पांढरा आणि कपाळावर घाम. जिन्यात मधेच थांबायचे. विचारलं की म्हणायचे, चप्पल नीट करतोय. जेवण झालं की गालावर हात ठेवून गप्प बसायचे. खिशात बडीशेप सापडली. काकूनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि एकेक गोष्ट मांडली. गालावर हात का? गालात पुडी असते म्हणून. बडीशेप का? वास लपवायला. घाम का? मावा सोडलेला माणूस तो पुन्हा खातो तेव्हा सुपारी लागते, छाती आवळते, दरदरून घाम फुटतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. आणि नजर का चोरतात ते तुला सांगायला नको, असं म्हणून तिनं कुकर लावला.

मला सगळं पटलं. त्यात मला मजाही वाटत होती हे खरंय. काकांसारख्या माणसानं चोरून काही केलं असेल या कल्पनेनंच मी खूश होते.

तिनं मला पाळतीवर पाठवलं. पुणे रोडला काकांचे जुने स्नेही रशीदभाई यांचं शिलाईचं दुकान आहे, आणि त्याला चिकटून मावा घोटणारी टपरी आहे. काका दुकानाच्या बाकड्यावर बसले होते. रशीदभाई त्यांना पाणी देत होते. मला बघताच दोघं गप्प झाले. रशीदभाईंनी हातातलं कापड उगीच उलटसुलट केलं. मी सरळ विचारलं, काका इथं रोज काय करतात? ते म्हणाले, "काय न्हाई बेटा, बसत्यात जरा. गप्पा मारतो आमी." पण बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. मी घरी येऊन कानांची हकिकत सांगितली, आणि काकूनं जिंकल्यासारखी मान हलवली. रशीदही सामील आहे म्हणाली.

मग घरात पहारा सुरू झाला. काकांच्या शर्टाचा वास घेणं, रुमाल उलगडून बघणं, फोन वाजला की कान देणं. काका हे सगळं बघायचे. एकदा जेवताना काकूनं त्यांचं मनगट धरलंच. भात कसा झालाय, चिंच जास्त पडली का आमटीत, आणि मग, मावा खाता का? काका नाही म्हणाले. काकूनं हात सोडला आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली. नाडी धावत होती. मला आज त्या खुणेचा राग येतो. बिचारे काका घास घेऊन तसेच बसून राहिले होते.

मग एका सोमवारी काका फिरून परतले ते जिन्यातच बसले. मी दार उघडलं तर पायरीवर टेकून बसलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, एक हात जबड्यावर. काकू माझ्या मागून आली. तिला आयता मुद्देमाल सापडला होता. शेजारपाजाऱ्यांच्या दारांची पर्वा न करता ती पायरीवर बसली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं. या वेळी साधे प्रश्न नव्हते.

"खाल्लात ना?"

काकांनी मान हलवली. नाही.

"देवासमोर शपथ घेतली होतीत. माझ्याकडे बघून सांगा. खाल्लात ना मावा?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं ते चिडतील. पण ते हळूच म्हणाले, "हो. खाल्ला."

काकूचा चेहरा एकदम सैल पडला. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखी ती उठली, सुपारी लागल्यावर साखरेचं पाणी देतात ते करायला आत गेली, आणि जाता जाता म्हणाली, कबूल केलं असतं तर मी काय खाणार होते का तुम्हाला. तिच्या आवाजात मायाही होती. मी काकांचं तोंड पुसायला वाकले. ओठ कोरडे होते. वास फक्त बडीशेपेचा. मी म्हटलं, काका, तोंड उघडा. त्यांनी उघडता येईल तेवढं उघडलं. आत ना तांबडं काही, ना चोथा.

मी ओरडून काकूला सांगितलं की काका खोटं बोलतायत, त्यांनी काही खाल्लेलं नाही.

ती पेला घेऊन बाहेर आली. पेला खाली ठेवून तिनं पुन्हा त्यांचं मनगट धरलं, आणि मी त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच तिला प्रश्न न विचारता नाडी धरताना पाहिलं. तिचे ओठ हलत होते. नाडी धावत होती, मधेच थांबत होती, आणि पुन्हा धावत होती.

तेवढ्यात खालून रशीदभाई धापा टाकत वर आले. दुकानातून निघताना काकांचं तोंड बघूनच ते मागोमाग रिक्षा घेऊन निघाले होते. "वहिनी, आता लपवण्यात काय न्हाई," ते म्हणाले. "मावा-बिवा काय न्हाई. चालताना छातीत कळ येती नाझरसाहेबांच्या, ती जबड्यापोतुर चढती. म्हणून बसत्यात माझ्याकडं. मी लई सांगितलं दवाखान्यात चला म्हणून. मला कसम घातली हुती, घरी सांगायचं न्हाई."

कसम का घातली होती ते विचारायची गरज नव्हती. काकूचा भाऊ हृदयाच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेला होता तो परत आलाच नाही. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की काकूचे हात बर्फासारखे गार पडतात आणि रात्र रात्र झोप लागत नाही. नाडी न धरताही काका हे ओळखून होते. तिला घाबरवण्यापेक्षा त्यांना खोटारडं ठरणं सोपं वाटलं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, एक नळी जवळजवळ बंद आहे, आजच उघडायला हवी. काकूनं सही केली तेव्हा अक्षर ओळखू येत नव्हतं. मग तिनं डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "मी रोज त्यांच्या मागे लागत होते. हात धरून प्रश्न विचारायचे. त्यानं वाढलं का हे?" डॉक्टर म्हणाले, नळी काही त्यानं बंद होत नाही. पण माणूस घाबरला की ठोके वाढतात, आणि अशा हृदयाला तेवढंही जड जातं. काकू बरं म्हणाली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मला तिच्यावर चिडायचं होतं. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

काका पुढं ठणठणीत होऊन घरी आले हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणी जीव टांगणीला लावू नये. पण त्यांना आत नेण्याआधी एक गोष्ट झाली, ती मी विसरणार नाही.

काका चाकांच्या खाटेवर निजले होते. त्यांनी काकूला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "हात दे." तिनं पदराखालून हात काढला. काकांनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, अगदी ती ठेवते तशी.

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही."

"मनवाला खायला दिलंस?"

"रशीदभाईंनी वडापाव आणला तिच्यासाठी."

"भीती वाटतेय तुला?"

"नाही," काकू म्हणाली. तिचा हात कोपरापर्यंत थरथरत होता. मला लांबूनही दिसत होता.

काकांनी बोटं हलवली नाहीत. डोळे मिटून ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर माझा विश्वास आहे."

काकूनं उभ्या आयुष्यात हे वाक्य कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती तिथंच, वॉर्डबॉयसमोर, हुंदके देऊन रडायला लागली. काकांना आत नेईपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही.